अपडाऊन: तुमचे किती तास रस्त्यात जातात?

नागपूरच्या माणसाला ट्रॅफिकबद्दल विचारा, तो म्हणेल, ‘आपल्या इथं काय ट्रॅफिक बे? वीस मिनिटांत कुठंही पोहोचते माणूस.’ हे वीस मिनिटांचं नागपूर माझ्या वाट्याला अकरा वर्षांत आलं नाही. घर हुडकेश्वरला, नोकरी कळमेश्वरच्या एमआयडीसीत. म्हणजे अख्खं शहर आडवं कापायचं, काटोल नाका गाठायचा आणि मग खरा रस्ता सुरू. बाइकवर रोज अडीच तास. परवा बायकोनं कॅलेंडरच्या मागं हिशोब केला: वर्षाचे २८० दिवस, म्हणजे ७०० तास. भागिले २४. जवळजवळ एक महिना मी रात्रंदिवस हँडल धरून बसलेलो असतो. फेब्रुवारी अख्खा गेला म्हणा ना.

तर अपडाऊनवाल्यांनो, या धाग्यावर लिहा आपापलं. सल्ले नकोत. ‘घर बदला’ तर मुळीच नको. घर बाबांनी बांधलंय आणि पोरांची शाळा मानेवाड्याला आहे.

झेडपीची मास्तरीण, काटोल लाइन

चौदा वर्षं झाली. शिक्षकांनी मुख्यालयी राहावं हा नियम मला पाठ आहे, तो वाद इथं नको. सासूबाईंचं डायलिसिस नागपुरात, नवऱ्याची नोकरी नागपुरात. मी एकटीनं कुणाचं मुख्यालय सांभाळायचं?

गणेशपेठहून एसटीनं काटोल, तिथून गावापर्यंत काळी-पिवळी. एसटीचं एक वेळ वेळापत्रक असतं. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि ‘भरली’ कधी हे ड्रायव्हर ठरवतो. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा मी सरळ दोन सीटचे पैसे देते. एसटीच्या संपाच्या काळात, ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२, आम्ही पाच जणींनी व्हॅन लावली होती. अर्धा पगार डिझेलात गेला, पण वेळेवर पोहोचायचो. पुढं १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. आनंदच झाला. दुसऱ्या आठवड्यापासून उभ्यानं प्रवास. कंडक्टर म्हणतात, ‘ताई, अर्ध्या तिकिटात अर्धीच सीट.’

एप्रिल-मेमध्ये माझ्या पर्समध्ये कांदा असतो, ऊन लागू नये म्हणून. एकदा निवडणुकीच्या ट्रेनिंगला रजिस्टर काढताना तो टेबलावर घरंगळत साहेबांच्या पुढ्यात गेला. मी मेले शरमेनं. साहेबांनी शांतपणे खिशात हात घातला आणि आपला कांदा काढून शेजारी ठेवला.

वर्धा–नागपूर, एमएसटी (रेल्वेचा महिन्याचा पास)

अंतर ऐंशीएक किलोमीटर. त्याचं दुःख नाही, पास स्वस्त आहे. दुःख आहे ते अजनीच्या अलीकडचं. खापरी गेलं की सगळे उठतात, डबे-पिशव्या खांद्याला, आणि गाडी स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलला उभी. नागपूर दिसते, पण येत नाही. शेजारून मालगाडी आरामात निघून जाते. मस्टरवर लाल रेघ कुणामुळं लागली, तर कोळशाच्या मालगाडीमुळं. हे साहेबाला कसं सांगणार?

पण डबा सोडवत नाही हेही खरं. डिसेंबरात आमच्या डब्यातल्या बाया ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन बसतात. सिंदीला पिशवी उघडली की बुटीबोरीपर्यंत पावभर सोले निघतात, टरफलं वेगळ्या थैलीत. मीही हात लावतो. अंगठ्याचं नख हिरवं होते. घरी बायको म्हणते, गाडीत जमते मग घरी का जमत नाही?

लॉकडाऊननंतर गाड्या सुरू झाल्या तरी पास चालत नव्हते, रिझर्वेशनवाल्यांनीच बसायचं. कित्येक महिने एका मित्राच्या मागं बसून बाइकनं आलो. कमरेचा पट्टा तेव्हापासून आहे.

बुटीबोरी, फर्स्ट शिफ्ट

कंपनीची बस सक्करदऱ्याला ५.३५ ला येते. ५.३६ ला नाही. एक दिवस मी वळणावर धावत येऊन राहिलो होतो, ड्रायव्हरनं आरशात पाहिलं अन् गेला. त्याचंही बरोबर आहे, पुढं त्याचे तीन स्टॉप. ऑटोवाला पाचशे म्हणे. माझा दिवसाचा हिशोब जवळपास तेवढाच, म्हणून घरी परतलो आणि चादर ओढून झोपलो. सात वाजता पोरगी उठली, मला पाहून आईला म्हणते, ‘पप्पा सकाळी पण राहते का घरी?’

मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत आहे, २०२२ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. आम्ही जागे असलो तर बसच्या खिडकीतून काम पाहतो. बहुतेक वेळा झोपलेलेच असतो.

प्रजापतीनगर ते खापरी

मेट्रोचं नाव निघालंच आहे तर माझं ऐका. डिसेंबर २०२२ मध्ये आमची लाइन पूर्ण सुरू झाली तेव्हा मी पेढे वाटले होते. सीताबर्डीला गाडी बदलायची, खापरीला उतरायचं, थंडगार. तोवर तक्रार शून्य. पण माझं मिहान या औद्योगिक परिसरातलं ऑफिस स्टेशनपासून चार किलोमीटर, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत ते चार किलोमीटर म्हणजे वाळवंट. शेअर ऑटो मिळाला तर मिळाला. मेट्रोत वाळलेला घाम ऑटोत परत येतो.

मेट्रोत सायकल नेता येते म्हणून हिवाळ्यात तीन महिने सायकल नेली. दुपट्टा, हेल्मेट, पाठीवर लॅपटॉप. डब्यातल्या आजीबाई विचारायच्या, ‘पंक्चर झाली का ग?’ ऑफिसच्या गेटवर गार्डच्या रजिस्टरमध्ये दोनच रकाने, टू-व्हीलर आणि फोर-व्हीलर. सायकल टू-व्हीलरमध्ये लिहावी तर नंबर काय टाकू, असं त्याचं म्हणणं. रोज तीच चर्चा. शेवटी सायकल भाच्याला दिली.

सिव्हिल लाइन्सचा बाबू

माझं घर-ऑफिस सहा किलोमीटर, त्यामुळं या धाग्यात मी लाजतच लिहितोय. पण डिसेंबरात अधिवेशन आलं की त्या सहाचे सोळा होतात. हा रस्ता बंद, तो वळवला, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवलेला. वर्षानुवर्षं मी हॉर्नवर तळहात ठेवून मोर्चेकऱ्यांना शिव्या घातल्या. मग जुन्या पेन्शनच्या मोर्चात स्वतःच टोपी घालून चाललो. मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवून राहिला होता. अगदी माझ्यासारखाच.

उमरेडचा

माझं अपडाऊन नाही, बाबांचं होतं. इतवारी–नागभीडची छोटी गाडी, जी नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. तीस वर्षं तिच्या नावानं बोटं मोडली त्यांनी: उशीर, गर्दी, कोंबड्या. रिटायर झाल्यावर पुढच्या महिन्याचा पास काढलेला सापडला. इतवारीला उतरून चहा प्यायचा आणि परतीच्या गाडीत बसायचं. आईला सांगायचे, बाजारात गेलो होतो. पिशवी रिकामीच असायची.

वाचनमात्र, आजपर्यंत

सल्ले नको म्हटलंय तरी सांगतो, घर बदला.

धागाकर्ता

वरच्या भाऊंना काटोल नाक्यावर चहा पाजतो. संध्याकाळी सहाला या, म्हणजे नाका ओलांडायला किती वेळ लागतो तेही बघाल.

आणि मास्तरीणबाई, सकाळी नऊच्या सुमारास फेटरीच्या अलीकडे एक लाल एसटी रोज माझ्या तोंडावर धूर सोडून पुढं जाते. तिच्यात तुम्ही असाल तर सांगा. उद्यापासून शिव्या जरा बेतानं देतो.