मदत हवी आहे: गुडघ्यातला ‘पू’ काढतो म्हणून आत्याला लुबाडले, आता तक्रार कशी करावी?

नमस्कार. माझी आत्या डोंबिवलीत एकटी राहते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, निवृत्त शिक्षिका, हिशेबाला चोख, आणि बुवाबाजीवर चारचौघांत परखडपणे बोलणारी. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत आणि मधुमेहही आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी सांधा बदलण्याचा सल्ला दिला आहे, परंतु शस्त्रक्रियेच्या धास्तीने ती टाळाटाळ करत आली आहे.

गेल्या महिन्यात बँकेच्या पायऱ्या उतरताना एका नीटनेटक्या बाईने तिला हात दिला. “मावशी, माझ्या सासूबाई अश्शाच कठड्याला धरून उतरायच्या, परवा सप्तशृंगीचा गड चढून आल्या,” असे सांगून तिने एका ‘वैद्यां’चे नाव सुचवले आणि आत्याचा फोन नंबर घेतला. हे वैद्य दवाखाना चालवत नाहीत, केवळ घरी येतात, हेही तिने एखादी खास सोय असल्यासारखे सांगितले.

वैद्य मदतनिसासह आले. त्यांनी गुडघ्यावर ब्लेडने बारीक छेद घेतले, त्यावर धातूची नळी टेकवून तोंडाने ओढले आणि पिवळसर द्रव आत्याच्याच स्टीलच्या वाटीत थुंकला. थेंबाला चार हजार रुपये हा दर आधी ठरला होता आणि दहा-बारा थेंब निघतील असा अंदाजही दिला होता. प्रत्यक्षात मदतनीस मोठ्याने मोजत राहिला आणि आकडा साठाच्या पुढे गेला. एवढा पू आत राहिला असता तर पाय गेला असता, असे वर ऐकवून, ‘सवलत’ म्हणून दोन लाखांवर तडजोड झाली. थोडी रक्कम घरातील रोख होती. उरलेल्या रकमेसाठी मदतनीस तिच्यासोबत रिक्षाने बँकेत गेला, तिने मुदत ठेव मोडली आणि पैसे एका खात्यावर पाठवले. पावती नाही, नोंदणी क्रमांक नाही. हाती आहेत त्या फक्त राखाडी पुड्या आणि एक पथ्य: चाळीस दिवस दुसऱ्या डॉक्टरांना गुडघा दाखवायचा नाही आणि रक्त तपासायचे नाही.

हे सारे मला ठेवीच्या संदेशावरून कळले. आत्याचे म्हणणे असे, की तिला खरोखरच बरे वाटते आहे, मी यात पडू नये आणि माझ्या वडिलांना तर मुळीच सांगू नये. तिला शंका आलेली नाही असे मला वाटत नाही. शाळेत इतकी वर्षे गणित शिकवलेल्या बाईला आपण फसलो हे धाकट्या भावासमोर कबूल करायचे नाही, एवढेच ते असावे. तिला आणखी बोलण्याची माझी इच्छा नाही. मात्र दुसऱ्या गुडघ्यासाठी वैद्यांनी पुढच्या आठवड्यात येण्याचे ठरवले आहे, म्हणून घाईने विचारतो आहे. तिची संमती नसताना मला पोलिसांत तक्रार देता येईल का? पैसे तिने स्वतःच पाठवले असल्यामुळे बँक काही करू शकेल का? आणि तिला न दुखावता डॉक्टरांकडे कसे न्यावे?

प्रतिसाद (अस्थिरोग विभागात काम करणारा डॉक्टर):
प्रथम प्रकृतीविषयी, कारण ते पैशांहून तातडीचे आहे. झिजलेल्या गुडघ्यात पू नसतो. सांध्यात खरोखर पू झालेल्या रुग्णाला बहुधा ताप येतो, गुडघा लाल आणि गरम होतो, पाऊल टेकवत नाही, आणि त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे लागते. सांध्यातील द्रव काढायचा तर निर्जंतुक सुई सांध्याच्या आत न्यावी लागते. कातडीवरच्या ओरखड्यातून तो तोंडाने ओढून बाहेर येत नाही. पिवळे पाणी नळीत किंवा ओढणाऱ्याच्या तोंडात आधीपासूनच असते. आपल्याकडे तुंबडी लावण्याची जुनी रीत आहे आणि आयुर्वेदात रक्तमोक्षण आहे, त्यामुळे वयस्कर माणसांना हा प्रकार अनोळखी वाटत नाही, आणि ही मंडळी नेमका त्याचाच फायदा घेतात.

‘बरे वाटते’ हे आत्याबाई खोटे बोलत नसाव्यात. अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दुखणे झपाट्याने उतरते, भूक वाढते आणि मधुमेही व्यक्तीची साखर चढते. रक्त तपासू नका या पथ्याचा उलगडा मला तरी तिथेच होतो. बरेच दिवस घेतल्या असतील तर पुड्या एकदम बंद करू नका, त्या फिजिशियनला दाखवून त्यांच्या सल्ल्याने थांबवा. जखमा तपासून घ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ब्लेड आणि नळी किती जणांना लावली होती हे कोणास ठाऊक, त्यामुळे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या चाचण्या आता आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा कराव्यात. थेंब खरे की खोटे या वादात मात्र शिरू नका. “साखर तपासून बराच काळ झाला, जाऊन येऊ,” एवढेच म्हणा.

प्रतिसाद (वकील):
फसवून पैसे द्यायला लावणे हा दखलपात्र गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम 318(4)), त्यामुळे ज्याला माहिती आहे अशी कोणतीही व्यक्ती खबर देऊ शकते. आत्यांचा जबाब पुढे लागेलच, पण सुरुवात आपण करू शकता. नोंदणी नसताना उपचार केल्याबद्दल महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 मधील कलम 33 चा उल्लेख अर्जात अवश्य करा. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भुर्दंड पडू नये, हा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम इथे उपयोगी पडणार नाही, कारण पैसे खातेदाराने स्वतः पाठवले आहेत. तरीही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेकडे ते खाते लेखी कळवा. रक्कम शिल्लक असेल तर ती गोठवली जाण्याची शक्यता राहते.

आजच करण्याचे काम म्हणजे सोसायटीला आणि बँकेला सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी लेखी अर्ज देणे. काही आठवड्यांत जुन्यावर नवे चित्रण चढते. दुसऱ्या भेटीची वेळ पोलीस ठाण्याला आधी कळवा, त्या माणसाला फोनवर जाब विचारू नका आणि स्वतः सापळा रचण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

प्रतिसाद (एक वाचक):
आत्याबाईंना घरच्यांशी बोलणे अवघड जात असेल तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवर त्या स्वतः बोलू शकतील. माझ्या सासऱ्यांनी आमच्यापासून लपवलेली गोष्ट तिथल्या अनोळखी मुलीला सविस्तर सांगितली होती. शिवाय 70 वर्षांवरील नागरिकांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. सांधा बदलणे त्यात बसते का, हे संलग्न रुग्णालयात विचारून पाहा. कार्ड विनामूल्य असते. ते काढून देण्यासाठी कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर तोही यांच्याच जातकुळीतला समजावा.

मूळ प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. सोसायटीच्या सचिवांना अर्ज दिला आहे. साखर तपासायला येण्यास आत्या तयार झाली, आणि “त्या पुड्याही बरोबर घेऊ का?” असे तिनेच विचारले. एक शंका उरली आहे. बँकेच्या पायऱ्यांवर भेटलेल्या त्या बाईने स्वतः एक रुपयाही घेतलेला नाही आणि तिचे नावही ठाऊक नाही. तक्रारीत तिला आरोपी म्हणून दाखवता येईल का, की केवळ वर्णन लिहावे? वकील महोदयांनी शक्य झाल्यास सांगावे. अर्ज उद्या सकाळी द्यायचा आहे.