‘अचूकता’ की ‘भरवसा’?

शंका : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने वर्तवलेल्या प्रथिनांच्या रचना दाखवताना, त्यांच्यासोबत येणाऱ्या पीएलडीडीटी या ० ते १०० अंकाला मी ‘अचूकता’ म्हणत आलो आहे. हा शब्द योग्य आहे काय?

उत्तर : माझ्या मते नाही, कारण अचूकता ताडून पाहिल्यावरच ठरते. १९९४ पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या कॅस्प चाचणीत, ज्यांची रचना प्रयोगाने उलगडली आहे पण जाहीर झालेली नाही अशा प्रथिनांची केवळ अमिनो आम्लांची साखळी स्पर्धकांना देतात. मग भाकीत खऱ्या रचनेवर ठेवून किती आम्ले १, २, ४ आणि ८ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत बसली, त्या चार टक्केवारींची सरासरी काढतात. हा जीडीटी गुण. २०२० साली अल्फाफोल्ड २ च्या गुणांचा मध्यक ९२.४ आला, तेथे ‘अचूकता’ शोभते. (‘अ-चूक’ला टक्के कसे लावावेत, ही कुरकुर तूर्त बाजूला ठेवतो.)

पीएलडीडीटी मात्र काट्यावरचे वजन नव्हे. आमचे आजोबा उभ्या पऱ्हाटीत शिरून चार झाडांची बोंडे मोजत आणि म्हणत, “एकरी सात क्विंटल निघन, पण धुऱ्याकडच्या खोलगट भागाचं मले सांगता येत नाही.” सात क्विंटल हा अदमास, कोणत्या भागाविषयी किती ठामपणे बोलायचे, तो भरवसा. पीएलडीडीटी हा असाच, एकेका अमिनो आम्लापुरता, सांगणाऱ्याचा स्वतःच्या सांगण्यावरचा भरवसा आहे. ‘विश्वासार्हता’ मी टाळीन. ती ऐकणाऱ्याने ठरवायची असते.

शंका : मग ५० च्या खालचा, आकृतीत नारंगी दिसणारा भाग चुकला असे मुलांना सांगावे काय?

उत्तर : तसे सांगू नये. पुष्कळदा त्या भागाला मुळातच एक ठाम घडी नसते, तो लवचिक असतो. उलट, दोन खंड निळे, म्हणजे भरवशाचे असले तरी ते एकमेकांच्या मानाने नेमके कसे बसले आहेत हे पीएलडीडीटी सांगत नाही. त्यासाठी पीएई हा निराळा तक्ता पाहावा लागतो. त्याला मी ‘अपेक्षित चूक’ म्हणतो, आणि येथे ‘चूक’ हा शब्द चालतो, कारण ती अंतराच्या मापात, अँगस्ट्रॉममध्येच दिलेली असते.