आलेख सरळ रेषेत आला, तरी ते समचलन का नाही?

प्रश्न (पालक) : माझा मुलगा आठवीत आहे. 'चलन' या प्रकरणावरील चाचणीत क्षच्या १, २, ३, ४ या किमतींसाठी यच्या ५, ८, ११, १४ अशा किमती देऊन हे समचलन आहे का, म्हणजे क्ष जितक्या पटीने बदलतो तितक्याच पटीने य बदलतो का, असे विचारले होते. क्ष एकाने वाढला की य दर वेळी तीनानेच वाढतो आणि आलेखातील सर्व बिंदू एका रेषेत येतात, म्हणून त्याने 'होय' असे लिहिले. ते उत्तर चूक ठरले. त्याचे निरीक्षण तर खरे आहे, मग अडले कुठे?

उत्तर १ : समचलनात वाढ नव्हे, तर भागाकार पाहायचा असतो. ५ भागिले १ म्हणजे ५ आणि ८ भागिले २ म्हणजे ४. इथेच भागाकार बदलला, त्यामुळे चलनाचा स्थिरांक, म्हणजे य भागिले क्षची कायम राहणारी किंमत, मिळत नाही. परीक्षेत एवढे लिहिले तरी पुरे.

उत्तर २ : वरील उत्तर बरोबर आहे, परंतु त्याने मुलाची आलेखाबद्दलची शंका फिटणार नाही. समचलनात य = स्थिरांक × क्ष असते, त्यामुळे स्थिरांक कोणताही असला तरी क्ष शून्य घेताच य शून्य होतो आणि रेषेला आरंभबिंदूतून जावेच लागते. दिलेल्या सारणीत एक पायरी मागे गेल्यास क्ष शून्य असताना य २ येतो, म्हणजेच इथे य = ३क्ष + २ आहे. मात्र मुलाला जे दिसले ते टाकाऊ नाही. प्रत्येक किमतीतून ते २ वजा केल्यास ३, ६, ९, १२ उरतात, आणि हे समचलनच आहे. तापमानाचेही असेच आहे : १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० अंश फॅरेनहाइट आणि २० म्हणजे ६८. आलेख सरळ येतो, पण १० चे २० झाले म्हणून ५० चे १०० होत नाहीत; शून्याला ३२ असल्याचा हा परिणाम आहे.

उत्तर ३ : एक सावधगिरी सुचवतो. आलेखकागदावर जागा वाचवण्यासाठी उभा अक्ष शून्याऐवजी ३२ पासून सुरू केला, तर तापमानाची हीच रेषा कोपऱ्यातून निघते आणि मुले तिला समचलन समजतात, तेव्हा अक्षांवरील आकडे आधी वाचायला लावावेत. उलट बाजूही दाखवावी. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचा आलेख आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा असतो, परंतु क्षेत्रफळ आणि त्रिज्या यांचा आलेख आरंभबिंदूतून जात असूनही वक्र होतो, कारण त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते.

पालक : आभारी आहे. त्याने क्षेत्रफळाचा आलेख काढला आणि आता तो विचारतो आहे की, आडव्या अक्षावर त्रिज्येऐवजी त्रिज्येचा वर्ग घेतला तर रेषा सरळ येईल का?

उत्तर ३ : येईल, आणि आरंभबिंदूतूनही जाईल, तिथे चलनाचा स्थिरांक पाय असेल.