१/२५ शेव्हेल वॅगन: छतावर पांढुरका थर

प्रश्न: १९६६च्या शेव्हेल (शेव्हरोले कंपनीची गाडी) स्टेशन वॅगनच्या छोट्या मॉडेलचा, १/२५ प्रमाणातला किट रंगवतोय. स्प्रेचं लॅकर (लवकर सुकणारा रंग) बाजूंवर चकचकीत बसलं, छत मात्र दुधाळ दिसतंय. सगळा रंग काढावा लागेल का?

उत्तर १: काढू नका. थिनर (रंग पातळ करणारा द्रव) उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंगात अडकतो. वॅगनचं छत लांब, सपाट; तिथे थर ओला राहतो. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा पातळ हात द्या, थर मऊ होऊन बहुतेक ओलावा निघून जातो. कॅन आधी कोमट पाण्यात ठेवा, उकळत्या नाही. फवारा छताबाहेर सुरू करा, बाहेरच थांबवा.

उत्तर २: घासताना २००० नंबरचा ओला सँडपेपर वापरा, पण पन्हळीच्या कडा सोडा. उंचवट्यावर रंग सर्वात पातळ असतो, प्रायमर (रंगाखालचा थर) लगेच उघडा पडतो. खिडक्यांच्या कडांना क्रोम फॉइल पॉलिशनंतरच लावा. आधी लावलं तर पॉलिशने घासून जातं. फॉइल कापायला ब्लेड नवीन हवं, बोथट पातं फॉइल फाडतं.

उत्तर ३: मागच्या लांब काचा रंगाआधीच बसवून पाहा, रंगाच्या जाडीने त्या अडतात. सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पांढरा पीव्हीए गोंद पुरे.