इन्स्टॉलेशन डिस्कवर ऑफलाइन माहितीपुस्तिका हवी की नको?

पेठकर (नारायण पेठ, पुणे)

ऑपरेटिंग सिस्टीम ज्या डिस्कवरून बसवायची, त्याच डिस्कवर ती कशी बसवावी याची नेटशिवाय वाचता येणारी सविस्तर पुस्तिका असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मग ती डिस्क डीव्हीडी असो किंवा पेनड्राइव्हवर उतरवलेली आयएसओ (संपूर्ण डिस्कची प्रत असलेली फाइल). हल्ली पुस्तिका संकेतस्थळावर ठेवायची आणि डिस्कवर केवळ तिचा पत्ता द्यायचा, असा प्रघात पडत चालला आहे. आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आयएसओमध्ये पूर्वी इन्स्टॉलेशनची सगळी माहिती एका साध्या मजकूर-फाइलमध्ये मिळत असे. आता त्या जागी एक छोटी स्क्रिप्ट आहे, जी आर्चच्या विकीचे (वापरकर्त्यांनी मिळून लिहिलेल्या माहितीस्थळाचे) पान मजकूर-ब्राउझरमध्ये उघडते. नेट कसे जोडावे हे त्याच पानावर लिहिलेले आहे आणि ते पान उघडण्यासाठी नेट आधीच जोडलेले असावे लागते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या इन्स्टॉलरमध्ये (ती बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये) शेवटच्या मेनूत हँडबुक (तिची सविस्तर पुस्तिका) बसवण्याचा पर्याय येतो, परंतु त्यासाठीही नेट लागते.

याउलट डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या अधिकृत डिस्कसंचात पूर्ण इन्स्टॉलेशन पुस्तिका असते. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या इन्स्टॉलेशन प्रतिमेत मॅन-पानांचा (आज्ञांची माहिती देणाऱ्या पानांचा) स्वतंत्र संच असतो आणि त्या प्रकल्पात दस्तऐवजातील चूक ही प्रोग्राममधील चुकीइतकीच गंभीर मानली जाते. जागेची सबब मला पटत नाही. डेबियनची पुस्तिका साध्या मजकुराच्या रूपात एक एमबीसुद्धा भरत नाही. सीडीची मर्यादा ७०० एमबी आणि एकेरी थराच्या डीव्हीडीची ४.७ जीबी आहे.

कोथरूडकर

पेठकर, आपला मुद्दा कळला, परंतु मी असहमत आहे. आर्चच्या ज्या आयएसओचे उदाहरण आपण दिलेत, ती सुरू होताच पडद्यावर येणाऱ्या स्वागत-मजकुरातच वाय-फायसाठी कोणती आज्ञा वापरावी आणि नेट जोडल्यानंतर पुस्तिका कशी उघडावी, हे सांगितलेले असते. अडलेल्या माणसाला तेवढे पुरेसे आहे. पुढचे सारे तो ताज्या पानावर वाचू शकतो. डेबियनने ऑक्टोबर २०२२मध्ये मतदान घेऊन मुक्त नसलेले, म्हणजे बदलण्या-वाटण्याची मोकळीक नसलेले, फर्मवेअरही (वाय-फाय कार्डासारखे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देण्याचे ठरवले आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून ते मिळू लागले. वाय-फायचे कार्ड ओळखले जात नाही, ही जुनी अडचण त्यामुळे पुष्कळ कमी झाली आहे. नेट जोडणे सोपे करा, म्हणजे पुस्तिका डिस्कवर ठेवण्याचे कारणच उरणार नाही.

याहून मोठी अडचण शिळेपणाची आहे. डिस्क एकदा तयार झाली की तिच्यातील चूक दुरुस्त करता येत नाही. पार्टिशन करण्याच्या (डिस्कचे भाग पाडण्याच्या) सूचनेत एखादी आज्ञा चुकीची छापली गेली, तर विकीवर ती तासाभरात सुधारता येते. डिस्कवर मात्र ती तशीच राहते आणि कोणाचा तरी डेटा पुसला जातो.

भोरचे शिक्षक

कोथरूडकर सर, आपले सगळे गणित नेट उपलब्ध आहे हे धरून मांडलेले दिसते. आमची शाळा भोर तालुक्यात डोंगराच्या कुशीत आहे. तेथे मोबाइलची रेंज व्हरांड्याच्या एका टोकाला मिळते आणि संगणक कक्षात मिळत नाही. पुण्याहून मिळालेल्या जुन्या संगणकांवर आम्ही डेबियन बसवतो. पार्टिशनच्या पायरीवर इन्स्टॉलर कळवतो की ईएफआय पार्टिशन (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींसाठीचा डिस्कचा भाग) सापडलेले नाही आणि मागे जायचे आहे का, असे विचारतो. नवख्या माणसासमोर तेव्हा प्रश्नांची रांगच उभी राहते : हे पार्टिशन कशासाठी लागते, ते किती मोठे असावे, त्यावर फॅट३२ ही फाइल-रचना का लागते, आणि आधीपासून असलेले विंडोजचे ईएफआय पार्टिशनच वापरले तर विंडोज बिघडेल का. उत्तर हाताशी नसेल तर माणूस घाबरून 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडतो आणि आधीचे सारे पुसून बसतो. ऑल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर (आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यावर) गेले तरी तेथे आटोपशीर बिझीबॉक्स (मोजक्या आज्ञांचा संच) असतो, मॅन-पाने नसतात.

शिळेपणाबद्दल माझा अनुभव नेमका उलटा आहे. विकी नेहमी सर्वांत नव्या आवृत्तीविषयी बोलते, तर आमच्या हातात असते दोन वर्षांपूर्वी उतरवलेली डिस्क. विकीवरील पर्याय आमच्या पडद्यावर नसतो आणि पडद्यावरील पर्यायाबद्दल विकीवर अवाक्षर नसते. डिस्कवरची पुस्तिका त्याच डिस्कवरच्या इन्स्टॉलरसाठी लिहिलेली असते, आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

एरंडवण्याची वाचक

शिक्षकांशी मी पूर्णपणे सहमत आहे, परंतु दोन गोष्टी लक्षात आणून द्याव्याशा वाटतात. पहिली परवान्याची. ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्यात काही भाग अपरिवर्तनीय ठेवण्याची मुभा आहे. असे भाग असलेले दस्तऐवज डेबियनच्या व्याख्येनुसार मुक्त ठरत नाहीत, असा निर्णय २००६मधील मतदानात झाला. त्यामुळे जीसीसी या कंपायलरसारख्या साधनांची पुस्तिका डेबियनच्या मुख्य विभागाबाहेर (केवळ मुक्त सामग्रीच्या संग्रहाबाहेर) गेली. म्हणजे जागा असली आणि इच्छाही असली, तरी सगळेच दस्तऐवज डिस्कवर सरसकट ठेवता येत नाहीत.

दुसरी गोष्ट भाषेची. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, ही आपल्यासाठी आनंदाची बाब आहे. पुस्तिका मात्र मराठीत नाही. प्रश्न मराठीत आणि स्पष्टीकरण इंग्रजीत, अशा स्थितीत सरांच्या शाळेतील मुलांना डिस्कवरच्या पुस्तिकेचा अर्धाच उपयोग होईल.

पेठकर

ताई, परवान्याचा मुद्दा रास्त आहे. माझी मागणी इन्स्टॉलेशन पुस्तिकेपुरतीच आहे, प्रत्येक साधनाच्या ग्रंथाची नाही. कोथरूडकर, चुकीच्या आज्ञेची आपली भीती खरी आहे. म्हणून पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर तारीख, आवृत्ती आणि दुरुस्त्यांच्या पानाचा पत्ता असावा. ज्याच्याकडे नेट आहे तो दुरुस्त्या पाहील. ज्याच्याकडे नाही, त्याला शुद्धलेखनासह तपासलेली, प्रकाशनापूर्वी प्रत्यक्ष करून पाहिलेली पुस्तिका मिळेल, आणि काहीच न मिळण्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित आहे. शिवाय ती इन्स्टॉलरच्या आतूनच उघडता आली पाहिजे. डिस्कच्या कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ठेवलेली पुस्तिका अडलेल्या माणसाला सापडत नाही.

कोथरूडकर

पार्टिशन, नेट आणि बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) या तीन विषयांपुरती, इन्स्टॉलरमधून उघडणारी, तारीख घातलेली मजकूर-फाइल असावी, हे मला मान्य आहे. भोरच्या सरांनी आवृत्ती जुळण्याचा जो मुद्दा मांडला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र पूर्ण हँडबुक डिस्कवर देण्यास माझा विरोध कायम आहे. इन्स्टॉलरचा एखादा पडदा बदलला की पुस्तिकेतील तो भागही त्याच वेळी बदलावा लागतो, आणि हे काम बहुतेक प्रकल्पांत मोजक्या स्वयंसेवकांच्या गळ्यात पडते. तीन प्रकरणे ते नीट सांभाळू शकतील. शेकडो पानांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, तर प्रत्येक प्रकाशन तरी लांबेल किंवा न तपासलेली पाने डिस्कवर जातील.