मदत हवी आहे: उन्हाळ्यात घरी वीस माणसं, गार जेवण कसं जमवू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईचा ७०वा वाढदिवस आहे. घरातलीच वीस-बावीस माणसं, संध्याकाळचा बेत. मागच्या वर्षी बाबांच्या वाढदिवसाला मी पूर्ण वेळ गॅससमोरच होते. "ये ना बाहेर, बस जरा," म्हणून बाबा दोनदा हाक मारून गेले, ते अजून मनात आहे. यंदा मला आईशेजारी बसायचंय.

म्हणून सगळं सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणतेय: उकडलेल्या बटाट्यांचं सॅलड, दह्यातली काकडी, गार सूप, कापलेली फळं. अडचण उकाड्याची आहे. शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच, एवढं मला माहीत आहे. कापलेल्या कलिंगडालाही तोच नियम. भाताची तर धास्तीच वाटते. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढतात, म्हणून तो बेतातून काढलाच. पण पाहुणे तीन-चार तास थोडं थोडं खात राहणार!

तुम्ही कसं करता? भांडी बर्फाच्या परातीत ठेवली की पुरतं, की लागेल तसं थोडं थोडंच बाहेर काढायचं? काकडीला पाणी सुटू नये म्हणून मीठ नेमकं कधी घालता? आणि आईला हल्ली नीट चावता येत नाही. तिच्यासाठी मऊ, गार, पण पोटभरीचं काही सुचवाल का?