भंगारातल्या लॅपटॉपनं तुमचा जुना जगवला असेल तर सांगा

आमचा लॅपटॉप २०१३ चा. दिवाळीनंतर एके दिवशी बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळी ठिक्कर. नागपुरात बर्डीवर एका दुरुस्तीवाल्यानं खोलूनही न बघता "मदरबोर्ड गेला" म्हटलं. घरी अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरला, तर पुसट अक्षरं दिसली! म्हणजे चित्र येत होतं, मागचा उजेड तेवढा गेला होता. भाच्याच्या ऑफिसात त्याच मॉडेलचा एक लॅपटॉप चहा सांडून मेलेला पडला होता. मी त्याची स्क्रीनच काढायला निघाले; भाचा म्हणाला, "मावशी, आधी स्क्रीनची केबल बदलून बघ." आमची केबल बिजागरीपाशी दुमडून दुमडून चिरली होती. बदलली, लख्ख उजेड.

चार्जर आणि बॅटरी काढूनच हात घाला. स्क्रू कागदावर जागेप्रमाणे चिकटवत जा. आखूडच्या जागी लांब पिळला की थेट बोर्डात घुसतो.

आता तुमचं येऊ द्या.

प्रतापनगर : माझं उलट झालं. दुसऱ्याच मॉडेलची स्क्रीन आणली, तीही १५.६ इंची, म्हटलं बसेल. बसलीही. पण माझ्या केबलला ३० पिना, स्क्रीनला ४०. हजार रुपये कपाटात पडले आहेत. आता पाठीमागच्या स्टिकरवरचा नंबर जुळल्याशिवाय खिशात हात घालत नाही.

इतवारी : रॅमचं ऐका. डीडीआर३ या प्रकारच्या रॅमची पट्टी, खाच तीच, खटकन बसली, अन् लॅपटॉप मुका! त्याला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल पाहिजे होती, माझी १.५ ची.

मानेवाडा : वाय-फाय कार्ड बदललं तर चालू होतानाच "अनधिकृत कार्ड" म्हणून अडून बसला. त्याच्या बायोसला, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, ठरावीकच कार्डं चालतात. यूएसबी डोंगल लावला, विषय संपला.

महाल : मे महिन्यात माझा दुपारी धाडकन बंद पडून राहिला होता. डोनरचा, म्हणजे सुट्या भागांसाठीच्या बंद लॅपटॉपचा, पंखा मिळवला, खोललं, तर जुना पंखा ठणठणीत! जाळीत धुळीचा गच्च थर, त्यात कूलरच्या ताट्यांतलं गवत. ब्रशनं झाडलं, चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली. आता ४५ डिग्रीतही चालून राहिला. आणलेला पंखा तसाच पडला आहे.

धागाकर्ती : महालवाले भाऊ, त्या पंख्याच्या स्टिकरवरचा नंबर सांगता का? आमचा कालपासून घरघर करतोय.